हाकेच्या बेटावरच्या दोन हाका

दीपगृह कशाला म्हणतात हे कुणालाच ठाऊक नव्हतं, तेव्हाची ही गोष्ट. समुद्रात एक बेट होतं. त्याला सगळे हाकेचं बेट म्हणत.

बेटावर दोन वाड्या होत्या. वरच्या वाडीत बागायतदार राहत आणि नारळ-पोफळीच्या बागा करत. खालच्या वाडीत कोळी राहत आणि मासे धरत. वरच्यांना मासे लागत, खालच्यांना नारळ लागत, त्यामुळे दोघांचं बरं चाललं होतं.

हिवाळ्यात सकाळी बेटाभोवती धुकं पडे. इतकं दाट, की होडीत बसलेल्याला आपल्याच हातातलं वल्हं दिसू नये. बेटाजवळ पाण्यात खडकांची एक रांग होती. तिला दाढा म्हणत, कारण तिनं आजवर बऱ्याच होड्या चावल्या होत्या. दाढांच्या एका बाजूनं बंदराच्या खडकाकडे यायची वाट होती, दुसऱ्या बाजूनं माडाच्या कड्याकडे. दोन्ही वाटा चांगल्या होत्या. मधोमध जो गेला तो परत आला नाही.

म्हणून बेटावर एक रीत होती. धुक्यात कुणी अडकलं की एकच माणूस खडकावर नाहीतर कड्यावर उभा राहून हाक देई, आणि बाकीचं सगळं बेट गप्प बसे. गप्प म्हणजे अगदी गप्प. बायका मुसळ खाली ठेवत, सुतार पटाशी बाजूला ठेवी, रडतं मूल पदराखाली जाई, कुत्री घरात कोंडली जात. होडीतली माणसं वल्ही थांबवून कान देत आणि हाक येईल तिकडे होडीचं तोंड वळवत. धुक्यात एक आवाज वाट दाखवतो आणि दोन आवाज वाट मोडतात, हे तिथल्या शेंबड्या पोरालाही कळत होतं. मोठी माणसं मात्र कळलेलं विसरू शकतात, आणि पुढची सगळी भानगड त्यातूनच झाली.

त्या मुलखाच्या राजाला एकदा हौस आली. प्रत्येक बंदरावर एक दगड बसवायचा, त्यावर गावाचं नाव आणि ते कशावरून पडलं ते कोरायचं. या कामाला त्यानं आपल्या कारभाऱ्याला धाडलं. कारभारी माणूस मोठा न्यायी होता. इतका न्यायी, की पानात दोन भाज्या वाढल्या तर दोन्हींचे घास सारखे खाई. तो बेटावर आला, दोन्ही वाड्यांना एकत्र बसवलं आणि विचारलं, की तुमच्या बेटाचं नाव कशावरून पडलं.

दोन्हीकडची माणसं एकदम बोलायला लागली.

वरच्या वाडीचं म्हणणं असं, की त्यांचा मूळ पुरुष माडावर चढला होता, तेव्हा त्याला धुक्यात वल्ह्यांचा आवाज आला. त्यानं कड्यावरून हाक दिली आणि कोळ्यांची पहिली होडी बेटाला लागली. खालच्या वाडीचं म्हणणं असं, की त्यांची मूळ बाई नवऱ्याची वाट बघत बंदराच्या खडकावर उभी होती आणि पहिली हाक तिची. बागायतदार म्हणाल तर ते मागाहून कोळ्यांच्याच होडीतून आले, ओकत ओकत, मांडीवर नारळाची रोपं घेऊन. हे शेवटचं वरच्या वाडीला फार झोंबलं.

कारभाऱ्यानं दोन्ही बाजू ऐकल्या आणि त्याला दोन्ही सारख्याच खऱ्या वाटल्या. त्यानं सांगितलं, की मी पौषात दगड घेऊन येईन आणि त्याच दिवशी निवाडा करीन. ज्यांच्या पूर्वजाची पहिली हाक ठरेल, त्यांना नारळी पौर्णिमेचा पहिला नारळ वाहायचा मान कायमचा मिळेल. एवढं बोलून तो निघून गेला. तोवर पहिला नारळ कोण वाहतो याकडे बेटावर कुणी ढुंकून बघत नव्हतं. हाताशी असेल तो म्हातारा वाही. आता मात्र त्या नारळापायी माणसांची झोप उडाली.

वरच्या वाडीचा प्रमुख होता अंतोबा. त्याच्याइतका खणखणीत आवाज बेटावर दुसऱ्या कुणाचा नव्हता, आणि ते त्यालाही माहीत होतं. खालच्या वाडीचा प्रमुख होता चांगो तांडेल, ज्याच्या शब्दावर सगळ्या होड्या समुद्रात जात आणि परत येत. दोघं लहानपणी एकत्र खेकडे पकडायला जायचे. आता दोघांनी दोन वाड्यांच्या मधे काटेरी कुंपण घातलं. मासे वर जाईनात, नारळ खाली येईनात. एकानं कड्याला शेंदूर फासला, तर दुसऱ्यानं खडकावर झेंडा रोवला. रोज संध्याकाळी दोन्ही वाड्या आपापल्या जागी जमून हाका द्यायचा सराव करू लागल्या. आकाश तेव्हा निरभ्र होतं, समुद्र स्वच्छ दिसत होता, त्यामुळे त्या हाकांनी कुणाचं काही बिघडलं नाही.

पौष उजाडला. कारभारी यायचा तो दिवस आला, आणि नेमकं त्याच सकाळी हंगामातलं पहिलं धुकं पडलं.

पैलतीराहून त्या दिवशी बेटाकडे येणारी होडी एकच होती. ती चालवत होता चांगोचा एकुलता एक मुलगा हिराजी. होडीत वल्हेकरी होते, कारभारी होता आणि त्याचा तो भलामोठा दगड होता. आणि अंतोबाची लेक सगुणा होती. ती पैलतीरावर दिली होती. तिला दिवस गेले होते आणि पहिल्या बाळंतपणासाठी ती माहेरी निघाली होती. किनारा सोडला तेव्हा ऊन होतं. निम्म्या वाटेत धुक्यानं होडीला गिळलं.

होडी कधी निघणार आणि तिच्यात कोण असणार हे बेटावर सगळ्यांना ठाऊक होतं, त्यामुळे ती धुक्यात सापडली हेही कळलं. खरं तर रीत ठरलेली होती. पण होडीत कारभारी होता, आणि दोन्ही वाड्यांच्या मनात एकच विचार आला. होडी आज ज्यांच्या हाकेवर येईल, त्यांची हाक खरी. दुसरा पुरावा लागणारच नाही.

अंतोबा कड्यावर चढला आणि त्यानं हाक दिली. तिकडे चांगोनं खडकावरून दिली. मग अंतोबाच्या मागे त्याची सगळी वाडी ओरडू लागली, चांगोच्या मागे त्याची. कुणी शंख आणला, कुणी परात बडवायला घेतली. कुत्री मोकळीच होती, तीही भुंकत सुटली.

होडीत हिराजीनं कान दिला. आवाज चहूबाजूंनी येत होता. मधेच त्याला बापाचा आवाज ओळखू आला, तसं त्यानं सुकाणू तिकडे वळवलं. सगुणा म्हणाली, की हा आमच्या आबांचा आवाज आहे आणि तो जवळून येतोय, तिकडेच चल. कारभारी दोघांवर उखडला. त्याला वाटलं, हा आपल्या बापाकडे नेतोय आणि ही आपल्या बापाकडे ओढतेय.

"मी कुणाच्याही बाजूचा नाही," तो म्हणाला. "होडी दोन आवाजांच्या मधोमध ठेव."

हिराजीनं सांगून पाहिलं, की मधोमध दाढा आहेत. कारभाऱ्याला ते बहाण्यासारखं वाटलं. तो राजाचा माणूस, त्याच्यापुढे हिराजी काय बोलणार? त्यानं जीव मुठीत धरून होडी मधोमध घातली.

कड्यावर अंतोबा श्वास घ्यायला थांबला, तेव्हा त्याला वल्ह्यांचा आवाज आला. तो कड्याकडून येत नव्हता आणि बंदराकडूनही येत नव्हता. समोरून येत होता, जिकडून कधीच यायला नको होता तिथून. अंतोबाच्या तोंडचं पाणी पळालं. त्यानं मागे वळून सगळ्यांना गप्प बसायला सांगितलं.

"आबा, आत्ता गप्प बसलो तर नाव गेलं," एक जण म्हणाला.

"माझी पोर आहे त्या होडीत."

"म्हणूनच मोठ्यानं हाक देऊ. आपलीच हाक जिंकली पाहिजे."

हे ऐकून बाकीच्यांनी माना डोलावल्या. अंतोबानं शंख फुंकणाऱ्याच्या हातातून शंख काढून घेतला, परात हिसकावली आणि एकेकाच्या तोंडासमोर हात धरत फिरला. शेवटी कडा गप्प झाला. मुलीपायी आपण मान सोडला, असं त्याला वाटलं, आणि त्याचं त्याला फारसं दुःखही झालं नाही. आता खालच्यांची एकच हाक राहील आणि होडी बंदराला लागेल.

पण खडकावर चांगोनंही वल्ह्यांचा आवाज ऐकला होता. त्याचाही मुलगा त्याच होडीत होता. त्यानंही त्याच क्षणी आपल्या माणसांना गप्प केलं होतं.

सगळं बेट मुकं झालं.

होडीत हिराजीनं वल्ही थांबवायला सांगितली. सगळे ऐकत राहिले. मघाशी आवाज फार होते, आता एकही नव्हता. पुढे बेट आहे की मागे, हेही कळेना. वल्ही थांबली तरी पाणी थांबलं नव्हतं, भरतीची ओढ होडीला हळूहळू दाढांकडे नेत होती. सगुणानं पोटावर हात ठेवला आणि दुसऱ्या हातानं होडीची कड घट्ट धरली. तिला फार भीती वाटली.

कड्यावर अंतोबा कान लावून उभा होता. बंदराकडून हाक येईना. थोडा वेळ गेला, तसा मागून कुणीतरी हळूच म्हणालं, की खालचे हरले. त्यांनी हाक सोडली, म्हणजे आता आपणच द्यायला हवी. अंतोबालाही तसंच वाटलं. कुणीच हाक देत नसेल तर पोर येणार कशी? त्यानं छाती भरून हाक दिली.

तिकडे चांगोचाही तोच हिशेब झाला होता. त्यानंही हाक दिली.

दोन हाका धुक्यात एकमेकींवर आदळल्या, आणि त्यांच्या पाठोपाठ लाकूड खडकावर घासल्याचा लांबलचक आवाज आला. मग एका बाईची किंकाळी आली. कड्यावरच्या प्रत्येकाला ती कुणाची आहे ते कळलं.

होडीच्या तळाला भोक पडलं होतं. वल्हेकऱ्यांनी आणि हिराजीनं जोर लावून कारभाऱ्याचा दगड पाण्यात लोटला, तेव्हा होडी हलकी होऊन दाढेवरून सुटली. पण पाणी आत येतच होतं. पुन्हा एकदा दाढ लागली तर काही उरणार नव्हतं.

अंतोबाचं डोकं आता चालायला लागलं होतं. नुसतं गप्प बसून भागणार नाही, हे त्याच्या ध्यानात आलं. आपण गप्प बसलोय हे चांगोला कळायला हवं. ओरडून ते सांगता येत नाही. म्हणजे पायानं जाऊन सांगायला हवं.

त्याची बायको गोदाक्का शेजारी उभी होती. तो तिला म्हणाला, "मी परत येईपर्यंत इथून कुणाचाही आवाज निघता कामा नये. काहीही कानावर आलं तरी." गोदाक्कानं मान हलवली. तो धावत सुटला.

पोफळीच्या बागेतून तो कुंपणापाशी आला. ते त्यानं स्वतः उभं राहून घालून घेतलं होतं, बाभळीचे लांब काटे निवडून निवडून. त्यात त्यानं अंग घातलं. धोतर फाटलं, हात फाटले, आणि तो पलीकडे पडला. उठून पुन्हा धावला.

बंदराच्या खडकावर चांगोची गत वाईट झाली होती. हाक द्यावी तर कड्यावरून दुसरी येईल, न द्यावी तर होडी आंधळी होईल. तो तोंड उघडी आणि पुन्हा मिटी. त्यातच खाली अंतोबा दिसला, आणि कोळ्यांची पोरं वल्ही उगारून आडवी झाली. त्यांना वाटलं, हा हाक बंद पाडायला आला.

"चांगो, माझी माणसं गप्प आहेत," अंतोबा खालूनच म्हणाला. त्याला धाप लागली होती. "ती गप्पच राहतील. तू हाक दे."

चांगो समुद्राकडे वळला. मग त्यानं हाक द्यायला तोंड उघडलं आणि फक्त घोगरा खरखराट बाहेर आला. सकाळपासून ओरडून त्याचा घसा बसला होता. त्यानं एक हात पुढे केला.

"वर ये," तो कसाबसा म्हणाला. "तू दे."

कोळ्यांत चुळबूळ झाली. बागायतदाराची हाक, आणि ती आपल्या खडकावरून? तीही राजाच्या कारभाऱ्याच्या कानावर घालायची? एकानं तसं बोलूनही दाखवलं. चांगो त्याच्यावर ओरडू शकत नव्हता. त्यानं त्या माणसाच्या दंडाला धरलं, समुद्राकडे बोट दाखवलं आणि पुटपुटला, "तिथं हिराजी आहे." मग सगळे वाटेतून बाजूला झाले.

अंतोबा झेंड्यापाशी उभा राहिला. त्यानं हाक दिली.

ती हाक कड्यावरही ऐकू गेली. आपल्या प्रमुखाचा आवाज खालच्यांच्या खडकावरून येतोय, हे ऐकून वरच्या वाडीला चटकाच बसला. एकानं रागानं तोंड उघडलं. गोदाक्कानं तळहात त्याच्या तोंडावर असा दाबला, की त्याला नाकानंही श्वास घेणं जड गेलं. कुणी हललं नाही. कुत्र्यांची तोंडं बायकांनी हातानं धरली होती.

अंतोबा हाक देई, थांबे, ऐके. पुन्हा देई. आधी नुसतं पाणी ऐकू येत होतं. मग वल्हं वाजलं, पण ते फार लांब होतं. त्यानं पुन्हा हाक दिली, तेव्हा ते थोडं जवळ आलं. चांगो त्याच्या बाजूला उभा होता. त्यानं अंतोबाचा फाटलेला हात धरला होता आणि तो इतका दाबत होता, की रक्त ठिबकत होतं. दोघांच्याही ते लक्षात आलं नाही. एकदा वल्ह्यांचा आवाज पार बंद झाला. अंतोबानं तरीही हाक सोडली नाही.

मग धुक्यातून होडीचं तोंड बाहेर आलं.

होडीत बरंच पाणी भरलं होतं. वल्हेकऱ्यांपैकी निम्मे वल्हवत होते, निम्मे ओंजळीनं पाणी उपसत होते. कारभारी गुडघाभर पाण्यात बसून आपल्या पगडीनं पाणी बाहेर टाकत होता, आणि ते डावीकडे किती टाकलं, उजवीकडे किती, हे मोजत नव्हता. होडी वाळूला टेकली आणि तिथंच बसली. चांगोनं हिराजीला ओढून बाहेर काढलं. अंतोबानं लेकीला उचललं. तो नुसता रडत होता.

बंदरावर शेकोटी पेटली. वरची वाडीही खाली आली. कुंपणाला अंतोबाच्या अंगानं जे भोक पडलं होतं, त्यातूनच सगळे आले. कारभारी कुडकुडत शेकत होता. थोडी ऊब आली, तसं त्याला आपलं काम आठवलं आणि तो म्हणाला, की निवाडा राहिलाच.

लगेच एक कोळी म्हणाला, होडी आमच्या खडकाला लागली, आता निराळा निवाडा कसला? वरच्या वाडीतला एक जण म्हणाला, खडक तुमचा असेल, हाक आमच्या आबांची होती. दुसऱ्या कोळ्यानं त्याला काहीतरी उत्तर दिलं. तिघंचौघं उठून उभे राहिले. अंतोबा आणि चांगो त्यांना आवरू शकत नव्हते. एकाचा आवाज गेला होता आणि दुसऱ्याच्या अंगात त्राण नव्हतं.

सगुणा घोंगडी पांघरून शेकोटीजवळ बसली होती. ती म्हणाली, "मलाही होडीत आमच्याच आबांची हाक खरी वाटत होती. त्यापायी मी आणि माझं मूल बुडणार होतो." तिचा आवाज मोठा नव्हता, म्हणून तो ऐकायला सगळ्यांना गप्प बसावं लागलं.

"पहिली हाक कुणी दिली, मला माहीत नाही," ती पुढे म्हणाली. "पण ती होडीपर्यंत पोचली, म्हणजे त्या वेळी बाकीचं सगळं बेट गप्प बसलं होतं. त्या गप्प बसलेल्यांत आपला पूर्वज होता, असं तुमच्यातला एकही जण का म्हणत नाही?"

उभे राहिलेले तिथंच थांबले. मग एकेक करून खाली बसले. कारभाऱ्यानं विचार करून पाहिला. त्याला या प्रश्नात दोन बाजूच सापडेनात, आणि आयुष्यात पहिल्यांदा तो निवाडा न करता परत गेला. बेटावर दगड काही बसला नाही.

सगुणाला मुलगी झाली. दोन्ही वाड्यांत साखर वाटली गेली.

भांडण मिटलं का? छे. हाकेच्या बेटावर स्वच्छ ऊन पडलेलं असलं, की पहिली हाक कुणाची यावरून अजूनही वाद होतात, आणि ओकत ओकत आलेल्यांची गोष्ट काढली की बागायतदार अजूनही चिडतात. पण धुकं पडलं की बोलता बोलता वाक्य अर्ध्यावर सोडून माणसं गप्प होतात. एक जण उठून हाक द्यायला जातो. तो वरचा की खालचा, हे बाकीचे बघत नाहीत. ते होडी येईपर्यंत तसेच बसून राहतात.

तात्पर्य: बुडत्याला वाचवणाऱ्या हाकेइतकंच मोल ती ऐकू जावी म्हणून आपला आवाज आवरणाऱ्यांचं असतं.